विषुवाचा घट

सुतक फिटले त्या दिवसापासून सासूबाईंनी दिवसा पाणी पिणे सोडले. सूर्य उगवायच्या आत एक फुलपात्र, आणि मग दिवेलागण होईपर्यंत काही नाही. ताक नाही, पातळ आमटीही नाही. जेवायला बसल्या की भाकरीचा तुकडा कोरड्या भाजीला लावून सावकाश चावायच्या. घास घशात अडकला तर छातीवर मूठ आपटायच्या, पण माझ्या हातातल्या तांब्याकडे बघायच्या नाहीत. "विषुवाला त्याच्या नावाचा घट दिला की पिईन," एवढेच त्यांनी सांगितले होते.

त्याच्या म्हणजे त्यांच्या मुलाच्या. माझ्या यजमानांच्या.

एकोणीसशे तीसच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही पंचवटीत, पेठच्या रस्त्याला लागून भाड्याच्या घरात राहत होतो. घरात चार माणसे होती, ती आता तीन उरली होती. हे हायस्कुलात इंग्रजी शिकवत. संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांनी त्यांच्या पोटात दुखू लागले. आधी सगळ्यांना अपचन वाटले, ओवा झाला, एरंडेल झाले. इस्पितळात नेले तेव्हा आतडे फुटून गेले होते. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी बजावले, पाण्याचा थेंब पोटात जाता कामा नये. फार तर ओठ ओले करा. उशाशी सासूबाई बसल्या. त्यांच्या हातात पाण्याची वाटी आणि कापसाचा बोळा होता. ह्यांनी पाणी मागितले, मग विनवण्या केल्या, मग रागावले, आणि शेवटी शेवटी हळू आवाजात म्हणत राहिले, "आई, एक घोट. कोणाला सांगणार नाही मी." सासूबाईंनी डॉक्टरांचे ऐकले. बोळा ओठांवरून फिरवत राहिल्या. तसेच ते गेले.

डॉक्टर चुकले असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. पाणी दिले असते तरी ते वाचले नसते. हे सासूबाईंनाही कोणी ना कोणी रोज सांगत होते. त्या ऐकून घेत आणि म्हणत, "हो, वाचला नसता. पण तहानलेला गेला नसता."

त्यात आणखी एक झाले. त्या दिवसांत मला हिवतापाने गाठले. बाराव्या दिवशी पाण्याचा घट द्यायचा असतो तेव्हा मी अंथरुणात बरळत होते. आम्हांला मूल नव्हते. चांदवडहून आलेल्या चुलत दिरांनी घाईघाईने सगळे उरकले आणि संध्याकाळची मोटार पकडली. त्यांना कांद्याची काढणी टाकून यावे लागले होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण सासूबाईंच्या मनाने घेतले, तो घट पोचला नाही. परक्या हाताने, गाडीच्या वेळेकडे बघत दिलेले पाणी. मुलगा अजून तहानलेलाच आहे, असे त्यांनी धरले ते धरलेच.

विषुवाचा दिवस त्यांच्या डोक्यात आला तो माहेरातून. त्यांचे वडील पुराण सांगत. मेरूवर देव राहतात, त्यांचा दिवस आपल्या सहा महिन्यांचा आणि रात्रही तेवढीच. सूर्य मेषेत शिरतो त्या विषुवाला तिथे पहाट होते, अशी गोष्ट त्यांनी लहानपणी ऐकली होती. त्या दिवशी वाळा घातलेल्या पाण्याचा घट दान केला की तो गेलेल्यांना मिळतो. सासूबाईंचे म्हणणे साधे होते. चुलत दिरांनी घट दिला तेव्हा देवांची रात्र होती. झोपलेल्यांच्या दारात ठेवलेले पाणी कोण उचलणार? पहाट झाली की द्यायचे.

मी मॅट्रिक झालेली, ह्यांच्यामुळे पुढचीही पुस्तके वाचलेली. मला ही गोष्ट फक्त गोष्ट वाटे. पण त्या ती सांगत तेव्हा माझ्याही डोळ्यांपुढे एक उंच, काळोखे घर येई. दार बंद, आणि दारात भरलेला माठ.

फाल्गुन लागला तशी उन्हे तापू लागली. सासूबाईंचे ओठ फुटले. उठताना त्यांना घेरी येई, मग त्या भिंतीला पाठ लावून, काही झालेच नाही असे दाखवत उभ्या राहत. कमरेत दुखू लागले तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ओळखीच्या पारशी डॉक्टरांना घरी आणले. म्हातारे, गमतीचे गृहस्थ होते. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि टोपी काढून हातात घेतली.

"बाय, तुमी शानी. दिवसा पानी नाय पिते तर मूत्रपिंड बिघडेल. मंग मी काय करेल? माझ्याकडे काय दुसरा नाय ठेवलेला."

"विषुवापर्यंतच आहे," सासूबाई म्हणाल्या.

"केवा येते ते?"

"मेषसंक्रांतीला. अजून जवळजवळ चार आठवडे आहेत."

डॉक्टरांनी मामंजींकडे पाहिले. "तेवढा वेळ मी नाय देत." मग जरा थांबून म्हणाले, "आमचा तर ह्याच आठवड्यात नवरोज. सूर्य बरोबर मधोमध येते ना, तेवा. आमच्या शेजारचा इराणी सांगते, त्या टायमाला आरशावर अंडं ठेवायचं. वर्ष फिरला की अंडं आपोआप हलते."

"अंडं!" सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. "हे घरात कशाला सांगता?"

डॉक्टर हसले. मामंजी हसले नाहीत. डॉक्टरांना पोचवून आले आणि बराच वेळ ओसरीवर येरझारा घालत राहिले.

मामंजी मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. सगळे आयुष्य साखळी, झेंडे आणि नकाशे यांत गेलेले. देवधर्माच्या वाटेला ते फारसे जात नसत. सासूबाईंनी सांगितले तर सोवळे नेसत, नाही सांगितले तर विसरत. पंचांगातल्या गणिताचा मात्र त्यांना जुना नाद होता. छापील पंचांगात सूर्य एका जागी आणि आकाशात दुसऱ्याच जागी, हे त्यांना सहन होत नसे. मुळात विषुव म्हणजे दिवस आणि रात्र सारखी होण्याचा दिवस. मेषसंक्रांतही कधी काळी त्याच दिवशी येत असे. पण शतकानुशतके आकाशातला तो बिंदू मागे सरकत गेला आणि पंचांग होते तिथेच राहिले. त्यामुळे खरा विषुव मार्चमध्ये, शिमग्याच्या सुमाराला येऊन जातो आणि पंचांगातला एप्रिलमध्ये. यावरून त्यांचे नि उपाध्यांचे दर वर्षी वाजे, आणि घरात कोणी तिकडे लक्ष देत नसे.

त्या संध्याकाळी मी तुळशीपाशी दिवा लावत होते तेव्हा ते माझ्याजवळ आले.

"सूनबाई, तिला व्रत मोड म्हणून सांगणं शक्य नाही. ती मोडणार नाही. पण व्रत विषुवापर्यंतच आहे ना? मग विषुव चार दिवसांवर आहे. खराखुरा. हे तिला पटलं तर ती पाणी पिईल."

"पटेल?"

"दाखवलं तर पटेल," ते म्हणाले. आयुष्यभर लोकांच्या शेताच्या हद्दी दाखवून भांडणे मिटवलेल्या माणसाचा तो विश्वास होता.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी विषय काढला. दिवे लागलेले होते, सासूबाई दुसरा तांब्या पीत होत्या.

"ऐकलंस का? विषुव या आठवड्यात आहे."

"तुमचं दर वर्षीचंच आहे ते."

"डॉक्टरांचा नवरोज त्याच दिवशी. म्हणजे इराणातल्या लोकांनाही ठाऊक आहे."

"मग आपण इराणी कधी झालो? आरशावर अंडं पण ठेवू या का?"

"मेरूवर देवांची पहाट आहे म्हणतेस ना? अगं, ती त्याच दिवशी होते. उत्तर टोकावर त्या दिवशी सूर्य उगवतो. हे पुराणात आहे नि भूगोलातही आहे. पंचांगवाल्यांनी उशिरा लिहिलं म्हणून देव काय झोपून राहणार?"

सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. हे त्यांना लागले. मग म्हणाल्या, "चुकीच्या दिवशी दिला आणि पुन्हा पोचला नाही तर? दोनदा तहानलेला ठेवू मी त्याला?"

मामंजींनी ताट पुढे सारले आणि ते हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी उपाध्यांना बोलावणे गेले. ते आले, ओसरीवर बसले, पंचांग उघडले आणि पुन्हा मिटले.

"दादासाहेब, त्या दिवसाला पंचांगात काही नाही. साधा दिवस आहे. मी विषुवाचा संकल्प सांगून घट घेतला, तर गंगेवर मला कोणी पाटावर बसू देईल? म्हणतील, भटजी पंचांग सोडून अंगणातल्या सळईच्या सावलीवर चालायला लागले."

"सूर्यावर," मामंजी म्हणाले.

"तेच ते. तुम्हांला बोलायला काय जातं? तुम्हांला पेन्शन आहे." मग सासूबाईंकडे वळून ते मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, संक्रांतीला देऊ. आणि या खेपेस सुनेच्या हातून देऊ. मूल नाही, तेव्हा अधिकार तिचाच. बाराव्यालाही तिचाच होता, पण ती तापात होती."

तिघांनीही माझ्याकडे पाहिले. इतके दिवस या घरात ह्यांच्या तहानेबद्दल बोलणे चालले होते, आणि त्यात मला कोणी काही विचारले नव्हते. मीही आपण होऊन काही बोलले नव्हते. मी आत गेले आणि उपाध्यांसाठी पानाचे तबक आणले.

मागच्या अंगणात मामंजींनी एक फरशी बसवलेली होती. तिच्या मधोमध हातभर लोखंडी सळई उभी. तिच्या टोकाची सावली फरशीवर पडे आणि ते खडूने तिथे टिंब काढत. तासातासाला टिंबे काढत गेले की त्यांची माळ होई. थंडीत ही माळ धनुष्यासारखी वाकलेली असे. माघ-फाल्गुनात ती हळूहळू उलगडत जाई. वर्षातून फक्त दोनदा, वसंतातल्या आणि शरदातल्या विषुवाला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत सावलीचे टोक एका सरळ रेषेत चालते. हे मला ह्यांनीच लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दाखवले होते. "आमच्या बाबांचं देवघर," असे ते म्हणाले होते.

होळी होऊन गेली होती. गल्लीत मुलांच्या अंगावर अजून राख आणि रंग दिसत होता. शनी चौकातली रहाड, म्हणजे रंग खेळायचा जमिनीतला हौद, उघडून धुवायला घेतली होती. रंगपंचमीला तिच्यात पाणी भरायचे म्हणून पोरांची धावपळ चालली होती. आमच्या दाराशी आल्यावर मात्र ती आवाज कमी करत.

चौथ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात उतरल्यापासून मामंजी फरशीशी बसले. डोक्याला पंचा गुंडाळला होता. टिंब काढले की ते मागे होऊन एक डोळा मिटून बघत. मी अधूनमधून दारात येत होते. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, पण त्यांनी आदल्या दिवशीच कुंभाराकडचा नवा माठ आणवून, भिजवून देवापाशी ठेवला होता. त्यात आमच्या नदीचे, गंगेचे, पाणी भरले होते, वाळ्याची जुडी सोडली होती, गळ्याला पांढरे वस्त्र बांधले होते. संक्रांतीला लागेल म्हणून आणला, असे त्या म्हणाल्या. इतक्या आधी माठ कोणी भरून ठेवत नाही.

दुपार कलली तेव्हा मामंजींनी हाक मारली. "ये. बघ."

सासूबाई भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या. उन्हात त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा दिसत होता. त्या फरशीपाशी खाली बसल्या. टिंबांची माळ पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली होती. मला ती सरळ दिसली. त्यांनाही दिसली असावी, कारण त्यांच्या तोंडावर क्षणभर काहीतरी सैल झाले.

मग त्या मला म्हणाल्या, "फुलं ओवायचा दोरा आण."

दोऱ्याचे एक टोक त्यांनी पहिल्या टिंबावर दाबून धरले, दुसरे मी शेवटच्या टिंबावर. दोरा ताणला. मधली दोन-तीन टिंबे दोऱ्याच्या एका अंगाला राहिली. फार नाही, तिळाएवढी.

"सरळ आहे का हो?" सासूबाईंनी विचारले.

त्यांना हो म्हणायचे होते. आधी तसे वाटले नव्हते, पण त्या क्षणी मला स्पष्ट दिसले. त्यांनी विचारले ते तपासायला नव्हे. मामंजींनी नुसते 'आहे' म्हटले असते, 'दोरा नीट ताणला नाही' म्हटले असते, तर त्या उठून आत गेल्या असत्या आणि माठ उचलून माझ्या हातात दिला असता. मामंजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वाकून दोऱ्याकडे पाहिले. आयुष्यभर त्यांनी तसेच पाहिले होते.

"जवळजवळ," ते म्हणाले.

"जवळजवळ म्हणजे?"

"फरशी एका बाजूने किंचित बसली असेल. किंवा विषुवाचा नेमका क्षण रात्री असेल, मग उद्याची रेघ जास्त सरळ येईल." ते घाम पुसत होते. "दिवस हाच आहे. त्यात शंका नाही. पण ही रेघ सरळ आहे असं मला म्हणता येणार नाही."

सासूबाईंनी दोरा सोडला. तो फरशीवर गोळा होऊन पडला.

"मग आज नाही," त्या म्हणाल्या. "संक्रांतीलाच."

"तोवर तू राहशील का?"

"राहिले तर देईन. नाही राहिले तर मीच घेऊन जाईन त्याच्यासाठी."

मामंजी तसेच उकिडवे बसून राहिले. हातात खडू होता. इतक्या हुशार माणसाचा इतका केविलवाणा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता. आणि तो पाहता पाहता माझ्या तोंडून शब्द गेले. या घरात मी कधी मोठ्याने बोलले नव्हते.

"घट मी द्यायचा आहे ना? मग मी आज देते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही."

"मग?"

"ह्यांनी पाणी मागितलं ते दिवस बघून मागितलं होतं का?"

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. ते वाक्य त्यांना कुठे जाऊन लागले हे मला दिसले आणि मला ते परत घ्यावेसे वाटले. पण ते बोलून झाले होते. रस्त्यावरून बैलगाडी गेली, तिची करकर पुष्कळ वेळ ऐकू येत राहिली.

"कोणाला देणार?" त्यांनी शेवटी विचारले. आवाज बसलेला होता. "भटजी घेणार नाहीत. भरला घट घेणारं कोणीतरी लागतं. जमिनीला देऊन चालत नाही."

पेठकडच्या डोंगरांतून बायका मोळ्या विकायला येत. आमच्या मागल्या दाराशी थांबून त्या पाणी मागत, आणि आम्ही वरून धार धरून त्यांच्या ओंजळीत ओतत असू. आमच्या आळीत तशीच रीत होती. त्या वेळी एक बाई दाराशी मोळी टेकवून उभी होती. केव्हा आली होती कोण जाणे. आमचे बोलणे तिने ऐकले असेल, पण त्यातले काही तिच्या उपयोगाचे नव्हते.

"पानी दे वं बाय," ती म्हणाली.

मी आत गेले. माठ जड होता. दोन्ही हातांनी पोटाशी धरून आणला. दारात येऊन थांबले. मला मंत्र येत नव्हते. नुसते 'घे' म्हणून द्यायचे का, ते कळेना.

मागून सासूबाई म्हणाल्या, "गोत्र विसरू नकोस. आणि नाव घे. नाव नाही घेतलं तर कोणालाही जाईल."

मी गोत्र म्हटले. मग थांबले. ह्यांचे नाव मी लग्नात उखाण्यात घेतले होते, मंगळागौरीत घेतले होते. पुढे यमक जुळवलेले, मागे हसण्याचा गोंगाट. तसे सोडून नुसते नाव मी कधी उच्चारले नव्हते. एकांतातही नाही. हे कधी कधी मागत, "एकदा म्हण ना," आणि मी पुस्तकात तोंड लपवी. आता ते नाव घशाशी आले आणि तिथेच राहिले. मोळीवाली बाई माझ्याकडे आणि माठाकडे पाळीपाळीने बघत होती. मग मी ते म्हटले. मोठ्याने म्हटले, कारण हळू म्हणायला गेले असते तर आलेच नसते.

"ह्यांच्यासाठी," मी म्हणाले, आणि माठ तिच्या हातांत दिला.

"मडकासुदिक?"

"हो. तुझाच."

तिने माठ तोंडाला लावला. अशी कोणी आमच्या दारात प्यायली नव्हती. तिचा गळा वर-खाली होत होता, पाणी हनुवटीवरून छातीवर गळत होते, मध्ये मध्ये ती श्वास घ्यायला थांबे आणि पुन्हा पिई. आम्ही तिघे उभे राहून बघत होतो. शेवटी तिने हाताच्या मागल्या बाजूने तोंड पुसले. "लय गार हाय," म्हणाली. मग माठ हलवून पाहिला, जड वाटला, आणि तिने सरळ तो दाराबाहेर उपडा केला.

"अगं, अगं! सांडू नको!" सासूबाई पुढे धावल्या.

"तर काय करू, आज्ये? डोईवर मोळी, काखंत मडका. पानी कुठं धरू?"

मामंजींना हसू फुटले. एकच, तोंड दाबून धरलेला आवाज. पुत्र गेल्यानंतर ते पहिल्यांदा हसले, आणि लगेच त्यांनी तोंड फिरवले. बाईने वाळ्याची जुडी झटकून केसांत खोवली, वस्त्र कमरेला खोचले, मोळी डोक्यावर घेतली, माठ काखेला मारला आणि रस्त्याला लागली.

सासूबाई त्या ओल्या मातीपाशी उभ्या होत्या. धूळ पाणी ओढून घेत होती. ते जमिनीला गेले की तिला गेले की ज्याला जायचे त्याला गेले, असे त्यांच्या मनात चालले असणार. बराच वेळ गेल्यावर त्या मागे वळून पायरीवर बसल्या.

"पाणी आण," त्या म्हणाल्या.

मी फुलपात्र भरून आणले. ऊन अजून अंगणात होते. त्यांनी एकदा सूर्याकडे बघितले, मग पात्र तोंडाला लावले. अर्धे प्यायल्या आणि थांबल्या. उरलेल्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "एवढंच मागत होता."

मामंजी भिंतीकडे तोंड करून उभे होते.

त्या दिवसापासून त्या दिवसा पाणी पिऊ लागल्या, हे खरे. पण सगळे ठीक झाले असे नाही. कमरेचे दुखणे राहिले ते राहिलेच. डॉक्टर येत आणि बाटल्या बदलून जात. एप्रिलमध्ये मेषसंक्रांतीला उपाध्ये आले, दुसरा माठ आला, आणि आधीचा दिलाच नव्हता अशा रीतीने माझ्या हातून रीतसर दिला गेला. संकल्प उपाध्यांनीच सांगितला, नावही त्यांनीच उच्चारले. मी फक्त पाणी सोडले. दोनांपैकी कोणता पोचला, यावर घरात कधी चर्चा झाली नाही. मला तर पोचणे म्हणजे काय हेच अजून उमगलेले नाही. तहान असते ती देहाला. देह आम्ही गंगेकाठी जाळला होता. हे मला पक्के ठाऊक होते, आणि तरी मोळीवाली बाई पीत होती तेव्हा माझा गळा ओला होत होता.

मार्चमधल्या त्या दिवशी संध्याकाळी मी कंदिलाची काच पुसत बसले होते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. एरवी दिवे लागताना त्या घाईने तांब्याकडे जात; त्या संध्याकाळी घाई नव्हती. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांचा हात कोरडा आणि खरखरीत होता.

"तू नाव घेतलंस ते ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "रेघ सरळ होती का वाकडी होती, मला काय कळतं. पण तुझ्या तोंडून नाव गेलं, तेव्हा वाटलं, आता वळून बघेल. माझी हाक त्याला जन्माची सवयीची. आई हाक मारतेच. तू कधी मारली नव्हतीस."

मी काच पुसत राहिले.

"या घरात आता त्याचं नाव कोणी घेत नाही," त्या म्हणाल्या. "तुझे मामंजी 'तो' म्हणतात. मी 'तो' म्हणते. तू तर 'हे' म्हणणार." त्यांनी माझ्या हातातली काच काढून खाली ठेवली. "एकदा घे ना पुन्हा. मला ऐकायचंय."

मी तोंड उघडले. दुपारी जे आले होते ते आता येईना. त्या वाट पाहत होत्या, माझ्याकडे न बघता, मान किंचित कलती करून, लांबून येणारा आवाज ऐकावा तशा. मी पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटले आणि म्हणाल्या, "राहू दे. राहू दे, मुली."

मला ते जमले नाही.